जुनी टर्बो कन्व्हर्टिबल घेताय? थंड असताना बघा आणि ओली करून बघा

दरवर्षी जुलै लागला की मला ठरावीक फोन येतात. गाडी एप्रिल-मेमध्ये घेतलेली असते. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये कव्हरखाली झाकलेली, ‘फक्त रविवारी सकाळी काढायचो’ असं सांगून विकलेली, मीटरवर जेमतेम वीस-बावीस हजार. दोन महिने मजेत जातात. मग पाऊस धरतो आणि तीन तक्रारी सुरू होतात. टप (गाडीचं उघडझाप होणारं छत) अर्ध्यावर अडकतो, पायाखालचं कार्पेट ओलं राहतं, आणि घाटात गाडी अचानक दम सोडते. कुणाला यातली एक लागते, कुणाला दोन. माझ्या आतेभावाला तिन्ही लागल्या.

मी गॅरेजवाला नाही. भोसरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. हायड्रॉलिक प्रेस आणि त्यांची वायरिंग हे माझं रोजचं काम. कन्व्हर्टिबलचा टप म्हणजे एक छोटा प्रेसच असतो: पंप, सिलेंडर, व्हॉल्व्ह आणि जागोजागी लिमिट स्विच. म्हणून आतेभावाने पहिला फोन मला केला, त्याच्या मित्राने दुसरा, आणि आता गाडी बघायला बरोबर जाणं ही माझी बिनपगारी ड्यूटी झाली आहे.

एवढ्या गाड्या बघून माझं एक मत पक्कं झालंय. विकणारा गाडी गरम करून आणि कोरडी दाखवतो. तुम्ही ती थंड असताना बघायची आणि ओली करून बघायची.

‘कमी चाललेली’ या शब्दाला भुलू नका

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, हे कोडं आपण लहानपणी ऐकलंय. त्या यादीत चौथी ही गाडी घाला. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत बॅटरी खोलवर उतरते, रबरी सील सुकतात, टायर एका जागी चपटे होतात, आणि ऑइलमध्ये ओलावा साठत जातो, कारण इंजिन कधी धड तापतच नाही. रविवारी कोरेगाव पार्कातून कॅम्पात ब्रेकफास्टला जाऊन परत येणं म्हणजे टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) असलेल्या इंजिनासाठी व्यायाम नव्हे, छळ आहे. पंचेचाळीस हजार चाललेली, दरवर्षी ऑइल बदललेली, कोल्हापूर-गोव्याला जाऊन आलेली गाडी मी डोळे मिटून आधी बघायला जाईन.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसत असली तरी सहा-सात वर्षांपलीकडचा टायर बदलायचाच. यातल्या बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) टायर असतात आणि स्टेपनी नसते, त्यामुळे चार टायरचा खर्च थेट सौद्यात धरा.

थंड असताना: पहिली तीस सेकंदं

सकाळी सातच्या आत पोहोचा. ‘गाडी सुरू करू नका, आम्ही आल्यावरच सेल्फ मारू’ असं आदल्या रात्री फोनवर सांगून ठेवा. पोहोचल्याबरोबर नमस्कार-चमत्कार चालू असतानाच बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. बाणेरला एका गृहस्थांनी आम्हाला “तुमच्यासाठीच जरा फिरवून आणली” असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी थंड गाडीला सेल्फ मारल्यावर टायमिंग चेनचा (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करणारी साखळी) असा खडखडाट झाला की वॉचमन बघायला आला.

सेल्फ मारताना एक जण बॉनेटजवळ आणि एक सायलेन्सरमागे हवा. ऑइलचं प्रेशर बनेपर्यंत एखाद-दोन सेकंद आवाज आला तर घाबरायचं कारण नाही. पण डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज पाच-दहा सेकंद किंवा जास्त चालला तर चेनचा टेन्शनर सैल आहे किंवा चेन ताणलेली आहे. हे काम पुढे ढकलण्यातलं नाही. चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग इंजिनच उतरवावं लागतं.

या आवाजासाठी जगभर बदनाम झालेलं इंजिन म्हणजे दुसऱ्या पिढीच्या मिनी कूपर एसमधलं १.६ लिटरचं एन१४. त्यातच हाय प्रेशर पेट्रोल पंपाचा आणि व्हॉल्व्हवर बसणाऱ्या कार्बनचा त्रास. पुढे त्याच्या जागी सुधारलेलं एन१८ आलं. मिनी भारतात अधिकृतपणे २०१२ मध्ये आली, त्यामुळे इथल्या शोरूममधून विकलेल्या दुसऱ्या पिढीच्या टर्बो कन्व्हर्टिबलमध्ये एन१८ सापडतं. त्याआधीची एखादी खासगीत आयात केलेली समोर आली तर मात्र इंजिनाचा कोड बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. बीएमडब्ल्यू झेड४ च्या ई८९ पिढीतल्या ३५आयमध्ये दोन टर्बोंचं तीन लिटरचं एन५४ येतं. तिथे हाय प्रेशर पंप, इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि वेस्टगेटचा (टर्बोला जाणारा जादा वायू वळवणारं झडप) खडखडाट या तीन गोष्टी हमखास विचारायच्या. आणि एक गंमत: मर्सिडीजच्या जुन्या एसएलकेवर ‘कॉम्प्रेसर’ लिहिलेलं असतं आणि एजंट बिनधास्त टर्बो म्हणून विकतो. तो पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर आहे. वाईट नाही, पण खाली लिहिलेल्या टर्बोच्या निम्म्या तपासण्या तिथे लागू होत नाहीत.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण हळूच फिरवून उचला. हलकी ओढ जाणवणं ठीक. झाकण घट्ट चिकटून बसलं असेल, उचलताना शिट्टी वाजत असेल आणि इंजिन अडखळत असेल, तर इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या श्वासमार्गाचा पडदा, म्हणजे पीसीव्हीचा डायफ्राम फाटलाय. झाकणाच्या आत दुधाळ मलई दिसली तर लगेच ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणून पळू नका. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही गाडीत ती दिसते. डिपस्टिकवरही तसंच दुधाळ असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर पळा.

कूलंटच्या टाकीवर, थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक घराच्या जोडांवर गुलाबी किंवा पांढरट सुकलेली पावडर शोधा. ही घरं प्लास्टिकची, बसलेली गरम इंजिनाला टेकून. काही वर्षांनी तडकतात. खर्च मध्यम आहे, पण दुर्लक्ष केलं तर इंजिन तापतं आणि मग काहीच मध्यम राहत नाही.

घाटात दम का सोडते

पुण्याचा हा फायदा आहे, ट्रायलला खरा चढ जवळ मिळतो. आम्ही कोंढव्यातून बोपदेव घाट धरतो, सकाळीच, वाहनं वाढायच्या आत. एजंट म्हणतो, “साहेब, सोसायटीला एक राउंड मारा ना.” सोसायटीच्या राउंडमध्ये टर्बो उठतसुद्धा नाही.

निघण्यापूर्वी ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावा. डॅशबोर्डवर चेक लाइट नाही याचा अर्थ फॉल्ट नाही असा होत नाही. काल रात्री कुणी कोड पुसलेले असू शकतात. अॅपमध्ये ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का त्याची यादी. कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर वगैरे बरेच मॉनिटर अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढून लावली आहे. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही बऱ्याच गाड्या सांगतात. तिथे ‘६ किमी’ दिसलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता एक छोटा प्रयोग. इंजिन बंद, इग्निशन ऑन. मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या दाबाचा आकडा बघा. समुद्रसपाटीला तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, पण पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणून इथे सुमारे ९५ दिसायला हवा. हा झाला तुमचा पाया. मग घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून पूर्ण दाबा आणि शेजारच्याला आकडा वाचायला सांगा. ०.८ बार, म्हणजे ८० किलोपास्कल बूस्ट (टर्बोने वाढवलेला दाब) देणाऱ्या इंजिनाचा आकडा १७० ते १७५ पर्यंत चढला पाहिजे. पंच्याण्णव-शंभरवरच घुटमळला तर टर्बो नुसता शोभेला बसवलाय. स्वस्त डोंगल हळू असतात, म्हणून स्क्रीनवर दोनच आकडे ठेवा, नाहीतर खरा शिखर-आकडा निसटतो.

आतेभावाची गाडी कात्रजच्या जुन्या घाटात मेली होती. मेली म्हणजे बंद नाही पडली. आरपीएम तीन हजाराच्या वर जाईना, पिकअप शून्य, पिवळा लाइट. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा पळायची, दोन वळणांनी पुन्हा तेच. बंद-चालू केल्यावर सुधारते म्हणजे कॉम्प्युटरने गाडी जपण्यासाठी लिंप मोडमध्ये टाकलेली असते. कोड होता पी०२९९, म्हणजे मागितलेला बूस्ट मिळत नाही. एका गॅरेजने सरळ टर्बो बदलायला सांगितला. नवा टर्बो!

पी०२९९ आल्यावर टर्बो सगळ्यात शेवटी बदलायचा असतो. आधी इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) होज पाइप. क्लिपच्या तोंडाशी ओलसर, धूळ चिकटलेला काळा पट्टा दिसला की तिथून दाबाची हवा निसटतेय. ऑइलची बारीक वाफ तिच्याबरोबर बाहेर येते आणि धूळ पकडते. ट्रायलमध्ये दाबल्यावर ‘सूंऽऽ’ आवाज येतो, सोडल्यावर थांबतो. मग अॅक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब सोडणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह, त्याचा रबरी पडदा फाटतो. मग वेस्टगेटची कांडी मोकळी फिरते का, तिची व्हॅक्यूमची नळी चिरली आहे का. गॅरेजमध्ये धुराची टेस्ट करून घेतली तर अर्ध्या तासात गळती सापडते. आतेभावाच्या गाडीत खालच्या होजला बोटभर चीर होती, वरून दिसत नव्हती, दाब आला की ओठासारखी उघडायची. टर्बो अजून तोच आहे.

घाटात गाडी दबण्याऐवजी झटके देत असेल, मिसिंग करत असेल आणि चेक लाइट लुकलुकत असेल, तर तो बूस्टचा प्रश्न नाही, ठिणगीचा आहे. सिलेंडरमध्ये दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीला व्होल्टेज देणारी कॉइल कमजोर असेल तर ती सपाट रस्त्यावर चालून जाते आणि चढाला हात वर करते. कोड पी०३०२ असेल तर दुसऱ्या सिलेंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. सकाळी सेल्फ लांबतो आणि पूर्ण दाबल्यावर गाडी गुदमरते, असं दोन्ही असेल तर मात्र हाय प्रेशर पेट्रोल पंपाकडे बोट जातं, आणि ते काम खर्चीक आहे.

टर्बोची खरी तब्येत दोन ठिकाणी कळते. इनटेकचा पाइप काढून बोटाने शाफ्ट हलवा. बाजूला अगदी बारीक हालचाल चालते, पण आत-बाहेर हालचाल जाणवता कामा नये, आणि पात्यांच्या कडा घासलेल्या दिसता कामा नयेत. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर असतोच. थारोळं असेल तर सील गेलं. दुसरी जागा सिग्नलची. तीन-चार मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा, मग एकदम रेस द्या. मागे निळा धूर निघाला तर ऑइल जळतंय: टर्बोचं सील, व्हॉल्व्ह सील किंवा मघाचा पीसीव्ही. यातला पीसीव्ही सगळ्यात स्वस्त, म्हणून तपासणी तिथून सुरू करा. टर्बोला ऑइल पोहोचवणारी बारीक नळीही बघा, उष्णतेने आत ऑइलची खपली धरते आणि जोडापाशी पाझरते. लांब फेरीनंतर लगेच किल्ली बंद करणाऱ्या मालकांच्या गाड्यांत हे जास्त. विकणारा ट्रायलहून आल्यावर किल्ली कशी बंद करतो ते नुसतं बघत राहा, बरंच कळतं.

आणि रिमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केलीय का ते थेट विचारा. एका बाजूला सगळ्या कंपनीच्या क्लिप आणि एकच चकचकीत नवी, एअर फिल्टर उघडा, सायलेन्सरचा आवाज जरा जास्तच मर्दानी, अशी गाडी दिसली की मागचा मालक रात्री बालेवाडीच्या रस्त्यावर काय करत असेल याचा अंदाज येतो. रिमॅप म्हणजे गाडी खराब असं नाही, पण क्लच आणि गिअरबॉक्सने ती ताकद सोसली आहे.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात: ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर घाटापेक्षा ट्रॅफिक जास्त सांगतो. चांदणी चौकाच्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकवा. पहिल्या-दुसऱ्यात थरथर, हिसका, किंवा रिव्हर्स पडायला उशीर झाला तर गिअरबॉक्सवाल्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप अर्ध्यावर अडकतो

आता माझा विषय.

आतेभावाने पानशेतच्या रस्त्यावर, उघडीप दिसली म्हणून टप उघडला. परत येताना सर आली. बटण दाबलं, टप उठला आणि मधोमध थांबला. मला फोन: “दादा, टप आभाळाकडे तोंड करून उभा आहे, आणि मी छत्री धरून बसलोय. गाडीच्या आत.”

प्रेस अर्ध्यावर थांबला तर आम्ही आधी पंप बदलत नाही. आधी ऐकतो. कन्व्हर्टिबललाही तेच. बटण दाबल्यावर डिकीतून पंपाचा घरघराट येतो का? काहीच आवाज नाही, तर वीज किंवा परवानगी अडली आहे. आवाज येतो पण टप हलत नाही, तर हायड्रॉलिक ऑइल कमी किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. टप तिरका उठतो, एक बाजू मागे राहते, तर त्या बाजूचा सिलेंडर गळतोय. गळका सिलेंडर डिकीच्या अस्तरावर किंवा टपाच्या आतल्या कापडावर तेलकट डाग सोडतो, तो शोधा.

‘परवानगी’ हा शब्द महत्त्वाचा. टप हलवण्याआधी कॉम्प्युटर दहा गोष्टी विचारतो. बॅटरीचं व्होल्टेज पुरेसं आहे? डिकीतली आडवी फळी किंवा पडदा जागेवर अडकवलाय? डिकी नीट बंद आहे? काचा खाली गेल्या? एकाचं उत्तर ‘नाही’ आलं की टप थांबतो. पत्र्याचा टप घडी होऊन डिकीत जाणाऱ्या गाड्यांत त्या पडद्याने किती लोकांना टो करायला लावलंय काय सांगू. बॅग ठेवताना पडदा हुकातून निघतो, बस्स. मी एकदा हडपसरपर्यंत जाऊन फक्त तो हुक लावून परत आलोय.

म्हणून क्रम असा: इंजिन चालू करा, मगच बटण दाबा. रात्रभर उभ्या गाडीत मल्टीमीटरने बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १४. बारापेक्षा खाली दिसली तर बाकी काही तपासू नका, आधी बॅटरी. मग डिकीचा पडदा. मग दार उघडून काचेकडे बघा: बिनचौकटीची काच दार उघडताच सेंटीमीटरभर खाली सरकली पाहिजे आणि बंद केल्यावर वर जाऊन रबरात बसली पाहिजे. सरकत नसेल तर कुलुपातला मायक्रोस्विच गेलाय. हीच काच पुढे पाणी आत घेते, टपही अडवते, आणि गॅरेजवाला भलत्याच दिशेला शोधत बसतो.

एवढं करून आतेभावाचा टप हलेना. पुस्तकात दिल्याप्रमाणे व्हॉल्व्ह मोकळा करून दोघांनी हाताने ओढून बंद केला (एकट्याने करू नका, सांगाडा वाकतो). घरी आणून डिकीचं अस्तर काढलं. पंपाच्या खोलगट जागेत दोन बोटं पाणी, आणि कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या. पंप धडधाकट. कनेक्टर साफ केला, दोन पिना बदलल्या, आणि टप वर गेला. मग पाणी आलं कुठून हे शोधायला लागलो.

गाडी बघायला गेल्यावर टप तीनदा उघडून बंद करा, ओळीने. पहिल्यांदा नीट चालतो, तिसऱ्यांदा कुरकुरतो, असं होतं. पण मे महिन्याच्या दुपारी पाच-सहा वेळा केलंत तर पंप तापून स्वतःच बंद पडेल. तो दोष नाही, थोडं थांबा. वेळ मोजा: दुसऱ्या पिढीच्या मिनीचा टप साधारण १५ सेकंदांत उघडतो. दुप्पट लागला तर विचारा का. कापडी टप अर्धवट उघडून घडीच्या कोपऱ्यांवर आतून बाहेर मोबाइलचा टॉर्च मारा, जिथे सांगाडा घासतो तिथे सुईच्या टोकाएवढं भोक चमकतं. मागची काच कापडाला चिकटवलेली असते. कडेने नखाने हलकं दाबा, सुटली असेल तर कळते. ती पुन्हा चिकटवणारे आहेत, टिकेलच असं नाही.

पाणी कुठून येतं

टपाच्या मागे, जिथे कापड घडी होऊन बसतं, तिथे दोन्ही बाजूंना पन्हळ असते. तिच्यातलं पाणी बारीक नळ्यांतून मागच्या चाकांजवळ खाली पडतं. पुण्यात गुलमोहराखाली गाडी लावली की गुलमोहराची ती चिमुकली पानं या नळ्यांसाठीच बनवल्यासारखी आत जातात. आतेभावाच्या डाव्या नळीतून मी काळा, शेवयांसारखा पानांचा गोळा ओढून काढला. वास असा की कुत्रंही मागे सरकलं.

तपासणी सोपी: मगभर पाणी पन्हळीत हळूहळू ओता. दहा-पंधरा सेकंदांत गाडीखाली धार दिसली पाहिजे. पाणी तुंबून राहिलं तर टाकायचं थांबवा, नाहीतर ते डिकीत उतरेल आणि दुसऱ्याची गाडी तुम्ही बुडवाल. नळी साफ करताना कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडातून सुटते. नायलॉनची जाड दोरी किंवा सायकलच्या ब्रेकचं केबल, हलक्या हाताने.

मग टप बंद करून साध्या पाइपने दहा मिनिटं पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या टपातूनही पाणी आत घालतो आणि शिवण उसवतो. एक जण आत बसून काचेचा वरचा पुढचा कोपरा, आरशाच्या मागचा त्रिकोण आणि दाराचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) बघेल. मग कार्पेट. वरून हात फिरवून काही कळत नाही. कडेला बोटं घालून खालच्या फोमपर्यंत जा, मुठीने दाबा. वरून कोरडं, खाली स्पंज, असं मी तीनदा पाहिलंय.

ओलं सापडलं तर ते कुठलं पाणी आहे हे ओळखता येतं. उन्हाळ्यातही ओलं, स्वच्छ आणि गार असेल, तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय, किरकोळ काम. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट, म्हणजे हीटरचा रेडिएटर. डॅशबोर्ड उतरवायचं काम. मातकट आणि पावसानंतरच असेल तर पन्हळ, वायपरखालची जाळी किंवा दाराच्या आतला प्लास्टिक पडदा. हे पाणी नुसतं कुबट वासापुरतं नसतं. बऱ्याच जर्मन गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल पायाजवळच असतात. तिथे ओल पोहोचली की काचा, लाइट, टप सगळे आपापल्या मर्जीने वागायला लागतात, आणि कोड इतके येतात की स्कॅनरची स्क्रीन पुरत नाही.

पुरात बुडालेली गाडी वेगळी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. नेहमी आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ असते, ती कुणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. चेन्नईत डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. नंतर त्या कुठे तरी विकल्या गेल्याच ना.

कागद

थोडक्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही. पुदुच्चेरी किंवा दिल्ली पासिंग स्वस्त दिसतं. पण गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथलं रजिस्ट्रेशन लागतं, मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. आयात गाडीला तो टॅक्स जबर असतो. तो आकडा संगम ब्रिजच्या आरटीओत विचारून मगच भाव करा. चॅसी नंबर काचेखाली, दाराच्या खांबावर आणि आरसीवर एकच हवा.

पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. किती ऑक्टेन लागतं आणि किती इथेनॉल चालतं ते त्यावर लिहिलेलं असतं. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, म्हणून तो फोटो काढून ठेवा. विकणाऱ्याला ‘कुठलं पेट्रोल टाकता’ विचारलं की बरेच जण ‘चांगलं’ म्हणतात.

गेल्या महिन्यात कोथरूडला एक गाडी बघितली. मालक निवृत्त काका. बॉनेट गार. सेल्फ मारला, दोन सेकंद खडखड, मग शांत. मी भीतभीत विचारलं, “काका, जरा पाणी मारून बघू का?” काकांनी स्वतः बागेचा पाइप आणून दिला आणि म्हणाले, “डाव्या बाजूला गळते, वरच्या कोपऱ्यात. मी टॉवेल ठेवतो तिथे.” टॉवेल खरंच होता, घडी करून, सीटखाली. बीडिंग दबलं होतं, बाकी गाडी कोरडी. बोपदेव चढताना आकडा १७२ पर्यंत गेला. बीडिंगचे आणि चार टायरचे पैसे वजा करून सौदा झाला, आणि टॉवेलही काकांनी गाडीबरोबर देऊन टाकला.